दाढ भरायची तर पाऊण तास हवा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

पंधरा दिवसांपूर्वी आपल्या अंकात एका वाचकाचं पत्र आलं होतं. खालच्या दाढेत २६ वर्षं टिकलेलं चांदीचं फिलिंग काढून डॉक्टरांनी पांढरं फिलिंग केलं, ते दीड वर्षात निघालं, आणि आता पुन्हा चांदी भरून द्या म्हटलं तर कुणी तयार होत नाही, अशी त्यांची तक्रार होती. पांढरं फिलिंग पुढच्या दातांना ठीक, दाढेत ते टिकतच नाही, असं त्यांनी शेवटी लिहिलं होतं. त्यांचा त्रास खरा आहे. पण हे वाचून पुष्कळ लोक दाढ भरायचंच टाळतील, कीड आत उतरेल आणि शेवटी दाढ काढायची वेळ येईल. म्हणून हे लिहिते आहे.

मी डॉक्टर नाही. कराडमधल्या एका दातांच्या दवाखान्यात १९९३ ते २०२२ अशी २९ वर्षं खुर्चीच्या डाव्या बाजूला उभं राहून डॉक्टरांच्या हातात हत्यारं देण्याचं काम मी केलं. बारावी झाल्या झाल्या लागले, जे शिकले ते तिथंच. सुरुवातीला पेशंट ‘सिस्टर’ म्हणायचे, पुढं पुढं ‘मावशी’ म्हणू लागले. चांदी मी माझ्या हातानं खलात घोटलेली आहे आणि पांढऱ्या फिलिंगचा निळा दिवाही बोटं आखडेपर्यंत धरलेला आहे. दोन्हींशी माझं घरोब्याचं नातं आहे.

आधी चांदीबद्दल. नाव चांदी असलं तरी त्यात जवळजवळ निम्मा पारा असतो. बाकी चांदी, कथील आणि तांबं यांची भुकटी. ती काचेच्या खलात पाऱ्याबरोबर घोटायची, लोण्यासारखी झाली की कापडात धरून जादा पारा पिळून काढायचा. पहिली दोन-तीन वर्षं हे सगळं मी उघड्या हातांनी केलं, आज आठवलं की अंगावर काटा येतो. नंतर कॅप्सूल आल्या आणि त्या हलवणारं छोटं यंत्र आलं.

चांदीचा मोठा गुण म्हणजे ती सोशीक आहे. खड्ड्यात थोडी ओल राहिली, पेशंटनं मधेच तोंड मिटलं, तरी दाबून दाबून भरली की ती बसायची. तिचा गंजच तिची राखण करतो. काही महिन्यांनी चांदी काळवंडते, आणि तो गंज दात आणि चांदी यांच्यामधली बारीक फट बुजवून टाकतो. लोडशेडिंगच्या दिवसांत तर आमचा दवाखाना चांदीनंच चालवला. मशीननं दाढ कोरून झाली आणि वीज गेली तरी बॅटरीच्या उजेडात डॉक्टर चांदी भरून पेशंटला मोकळं करायचे. पाटणची एसटी गाठायची म्हणून खुर्चीत अर्धे उठलेले काका आणि वीस मिनिटांत भरून झालेली दाढ, हे आमचं रोजचं चित्र होतं. उद्या सकाळपर्यंत त्या बाजूनं चावू नका, एवढं सांगितलं की झालं.

मात्र चांदी दाताला चिकटत नाही. ती नुसती अडकून बसते. ती अडकावी म्हणून चांगला दातही आतून रुंद कोरावा लागतो. राहिलेल्या भिंती पातळ होतात आणि वर्षानुवर्षं चावून त्यांना तडे जातात. माझ्या डाव्या खालच्या दाढेत १९९५ साली डॉक्टरांनी चांदी भरली होती. २०१६ च्या संक्रांतीत तिळाची वडी चावताना त्या दाढेची जिभेकडची भिंत कडकन तुटली. चांदी जागच्या जागी शाबूत, दात मात्र मोडलेला. चांदी २६ वर्षं टिकली असं लोक सांगतात तेव्हा माझ्या मनात येतं, भोवतीचा दात किती टिकला तेही बघायला हवं.

आता पांढऱ्या फिलिंगकडे येते, त्याचं नाव कंपोझिट. काचेची अतिशय बारीक भुकटी आणि तिला धरून ठेवणारं रेझिन. हे रेझिन अमेरिकेतल्या राफेल बोवेन यांनी शोधलं, त्याचं पेटंट १९६२ सालचं. दात ॲसिडनं खरबरीत करून त्यावर प्लास्टिक चिकटवायची युक्ती त्याच्याही आधीची, १९५५ सालची, मायकल बुओनोकोर यांची. ही नावं मला पाठ आहेत, कारण आमचे डॉक्टर दुपारी जेवणानंतर मासिकं वाचायचे आणि एखादी गोष्ट आवडली की मला वाचून दाखवायचे.

कंपोझिट खरोखर चिकटतं, म्हणून चांगला दात फार कोरावा लागत नाही. पण ते कोरड्यावरच चिकटतं. दात भरून घेणाऱ्या प्रत्येकानं ध्यानात ठेवावं असं हे एकच आहे, म्हणून त्यावर जरा सविस्तर लिहिते.

कीड काढून झाली की दाताला निळं ॲसिड लावायचं, सुमारे पंधरा सेकंद. मग भरपूर पाण्यानं धुवायचं आणि हवेनं कोरडं करायचं, पण आतला भाग सुकून खडखडीत होणार नाही इतपतच. मग बाँडिंगचं, म्हणजे चिकटवणारं, द्रव चोळायचं, हवेनं पातळ पसरवायचं, त्यावर दिवा धरायचा. मग कंपोझिटचा थर, दोन मिलिमीटरपेक्षा जाड नको. त्यावर दिवा. पुन्हा थर, पुन्हा दिवा. आता चार मिलिमीटरपर्यंत एकदम भरता येणारं कंपोझिटही मिळतं, पण आमच्याकडे थरांनीच भरायची पद्धत होती. दिवा लागला की कंपोझिट कडक होताना आकसतं, साधारण दोन ते तीन टक्के. ऐकायला थोडं वाटतं, पण तेवढ्या ओढीनं कडा सुटल्या तर केसाएवढी फट पडते आणि जंतूंना तेवढी वाट पुरते. म्हणून थर लहान हवेत, तिरके हवेत, आणि घाई नको.

या सगळ्या वेळात त्या खड्ड्यात लाळेचा एक थेंब गेला, तर ॲसिड लावण्यापासून पुन्हा सुरुवात करायची. आमचे डॉक्टर तसं करायचे. पेशंट वैतागायचे. “डॉक्टर, झालं की नाही अजून?” असं खुणेनं विचारायचे. डॉक्टर म्हणायचे, “आता अर्धा तास द्या, नाहीतर दोन वर्षांनी दोन तास द्यावे लागतील.” दाढ कोरडी राहावी म्हणून रबर डॅम लावतात. रबराच्या चौकोनी पातळ पानाला भोकं पाडून त्यातून तेवढेच दात बाहेर काढायचे, बाकी तोंड पानाआड. पहिल्यांदा लोक घाबरतात, गुदमरेल असं वाटतं. नाकानं श्वास घ्यायचा हे एकदा जमलं की पेशंट निवांत पडून राहतात. काही तर घोरायलाही लागायचे. वरच्या मागच्या दाढेला डॅम लावणं कठीण जातं, तिथं कापसाच्या वळकट्या आणि सक्शन, म्हणजे लाळ ओढून घेणारी नळी, यांच्यावर भागवावं लागतं, आणि त्यात सगळी भिस्त सहाय्यकाच्या हातावर असते. माझी मान दुखायला लागली ती त्याच कामानं.

दोन दाढांच्या मधली कीड सगळ्यात अवघड. तिथं एक बाजू उघडी असते. तिथं धातूची पातळ पत्ती लावून, खाली लाकडी पाचर मारून भिंत तयार करावी लागते आणि शेजारच्या दाढेला नीट टेकेल असा आकार द्यावा लागतो. चांदी दाबून भरता येत असल्यामुळं ती पत्तीला बाहेर ढकलते आणि शेजारच्या दाढेला सहज भिडते. कंपोझिट मऊ असतं, ते ढकलत नाही. पत्ती नीट बसली नाही तर दोन दाढांत फट राहते आणि जेवताना मटणाचा रेषा, मेथीचं पान तिथं अडकायला लागतं. कीड हिरडीच्या खाली गेली असेल तर अडचण आणखी वाढते. दाताचं वरचं कठीण कवच, एनॅमल, तिथं संपलेलं असतं. एनॅमलला कंपोझिट घट्ट धरतं, आतल्या डेंटिनला तितकं धरत नाही. वर रक्त येत असतं ते वेगळंच. पांढरी फिलिंग परत आली की बहुतेकदा खालच्या याच कडेला कीड सापडायची.

माझ्या नणंदेचं तसंच झालं. दुसऱ्या एका गावात, ८०० रुपयांत, बारा-पंधरा मिनिटांत तिची दाढ भरली. डॅम नाही, पाचर नाही, मदतीला कुणी नाही. तिनंच एका हातानं सक्शनची नळी धरली होती. महिनाभरात अन्न अडकायला लागलं. ती टाचणीनं काढत बसायची. ती टाचणी मी तिच्या हातातून काढून घेतली होती, पण तेव्हाच तिला दवाखान्यात नेलं नाही, हे मला अजून लागतं. दोन वर्षांच्या आत रात्रीचा ठणका सुरू झाला, रूट कॅनाल करावं लागलं, वर कॅप. साडेआठ हजार गेले.

आणि माझी तुटलेली दाढ? डॉक्टरांनी जुनी चांदी काढली, डॅम लावला आणि ५५ मिनिटं बसून कंपोझिटनं ती भिंत उभी केली. भिंत मोठी आहे, कधीतरी कॅप घालावी लागेल, असं त्यांनी तेव्हाच सांगून ठेवलं. नऊ वर्षं होऊन गेली. भाकरी, शेंगदाणे, हुरडा सगळं त्याच बाजूनं खाते. एका कडेला तपकिरी रेष आली होती, तेवढाच भाग घासून पुन्हा भरला. पांढऱ्या फिलिंगची ही सोय लोकांना कुणी सांगत नाही. थोडं खराब झालं तर पुष्कळदा तेवढंच दुरुस्त करता येतं, सगळं उकरावं लागत नाही. चांगला दात वाचतो. आधीच्या पत्रलेखकांनीही ‘पुन्हा चांदी’ म्हणण्याआधी आत दात किती शिल्लक आहे, हे दाखवून घ्यावं.

आमच्या दवाखान्यात एक चूक झाली होती, तीही सांगायला हवी. २००३ च्या पावसाळ्यात चार-पाच पेशंट पाठोपाठ परत आले. एक-दीड वर्षापूर्वीची फिलिंग, वरून छान, खाली पोकळ झाल्यासारखी. डॉक्टरांनी एक उकरलं तर वरचा थर दगडासारखा आणि तळाशी मेणासारखं मऊ. डॉक्टर त्या रात्री जेवले नाहीत, असं वहिनींनी मला दुसऱ्या दिवशी सांगितलं. सगळं तपासलं. मटेरियलची तारीख ठीक, ॲसिड ठीक. शेवटी पुण्याहून दिव्याचा प्रकाश मोजायचा मीटर मागवला. आमचा दिवा तेव्हा हॅलोजन बल्बचा, पंख्यासारखा आवाज करणारा. चारशेच्या वर आकडा यायला हवा होता, आला जेमतेम दीडशे. बल्ब म्हातारा झाला होता आणि काचेच्या टोकावर वाळलेल्या कंपोझिटचा थर बसला होता. डोळ्यांना उजेड तितकाच निळा, तितकाच झगझगीत दिसत होता, त्यामुळं कुणाच्याच लक्षात आलं नाही. दिवा मी धरत होते, काचेचं टोक पुसायचं काम माझं होतं. डॉक्टर मला एका शब्दानं बोलले नाहीत. त्या पेशंटना बोलावून त्यांनी सगळी फिलिंग पैसे न घेता पुन्हा करून दिली. त्या दिवसापासून दर सोमवारी सकाळी दिवा मीटरवर धरायचा आणि आकडा वहीत लिहायचा, हा आमचा नियम झाला. पुढं बॅटरीवरचा एलईडी दिवा आला, तरी सोमवार चुकला नाही.

म्हणून कुणी ‘कंपोझिट टिकत नाही’ म्हटलं की मी विचारते, कुणी केलं, किती वेळात केलं, कोरडं ठेवलं होतं का, दिवा तपासलेला होता का?

जगातल्या अभ्यासांतही हेच दिसतं. पोर्तुगालमधल्या लिस्बन शहरात ८ ते १२ वर्षांच्या मुलांच्या दाढांत दोन्ही प्रकारची फिलिंग करून सात वर्षं लक्ष ठेवलं गेलं. २००७ साली छापलेल्या त्या निष्कर्षांत चांदीची ९४.४ टक्के फिलिंग टिकली, कंपोझिटची ८५.५ टक्के. निघालेल्यांत सगळ्यात मोठं कारण कडेला पुन्हा लागलेली कीड, आणि ती कंपोझिटमध्ये कितीतरी जास्त. म्हणजे पत्रलेखकांचा अनुभव अगदीच एकट्याचा नाही. पण २०१० साली नेदरलँड्समधल्या एका दवाखान्यातला मोठ्या फिलिंगचा बारा वर्षांचा हिशेब आला. ज्यांच्या तोंडात कीड कमी, त्यांच्यात कंपोझिट चांदीपेक्षाही जास्त टिकलं होतं. ज्यांना सारखी कीड लागते, त्यांच्या तीन बाजूंच्या खड्ड्यांत मात्र चांदी सरस ठरली. ब्राझीलमध्ये दाढांतली कंपोझिट फिलिंग २२ वर्षं पाहिली गेली, तिथं दरवर्षी निकामी होण्याचं प्रमाण दीड ते सव्वादोन टक्क्यांच्या आत होतं. ती नीट केलेली, एकाच दवाखान्यातली. हे आकडे एकमेकांविरुद्ध वाटतात, पण मला तसं वाटत नाही. तोंड कुणाचं आणि हात कुणाचा, यावरच सगळं फिरतं.

तोंडाचं म्हणाल, तर आमच्या भागात मिश्री लावणाऱ्या बायका अजून पुष्कळ आहेत, आणि मिश्री म्हणजे दात घासणं असाच त्यांचा समज आहे. दिवसातून पाच वेळा गोड चहा आणि प्रत्येक वेळी बिस्किट. रक्तदाबाच्या काही गोळ्यांनी तोंड कोरडं पडतं, लाळ कमी झाली की कीड वाढते, हे म्हाताऱ्या माणसांना माहीत नसतं. रात्री दात खाणाऱ्यांची फिलिंग तडकतात. अशा तोंडात कुठलंही फिलिंग घातलं तरी त्याच्यावर फार भार पडतो, आणि कंपोझिटवर जरा अधिकच.

आता ज्या कारणासाठी हे पत्र संपादकांना लिहायचं ठरवलं, ते सांगते. चांदीचे दिवस संपत आले आहेत. जपानमधल्या मिनामाता इथं कारखान्यातला पारा समुद्रात गेला, माशांतून माणसांत आला, शेकडो माणसं मेली आणि पिढ्या अपंग झाल्या. त्या गावाच्या नावानं २०१३ मध्ये पाऱ्याविरुद्ध आंतरराष्ट्रीय करार झाला, २०१७ पासून तो लागू आहे, आणि २०१८ मध्ये भारतानं त्याला मान्यता दिली. युरोपीय संघानं १ जानेवारी २०२५ पासून दातांतली चांदी जवळजवळ पूर्ण बंद केली. करारातल्या देशांनी नोव्हेंबर २०२५ मध्ये जिनिव्हात २०३४ पर्यंत ती थांबवायचं ठरवलं. ज्यांच्या दाढेत चांदी आहे त्यांनी घाबरून ती काढून घेऊ नये. चांगली बसलेली चांदी उगाच उकरली तर उलट पाऱ्याची वाफ उठते. काळजी आहे ती पाऱ्याच्या कचऱ्याची. आमच्याकडे चांदीचे उरलेले तुकडे एक्स-रेच्या फिल्म धुवायच्या द्रावणात, फिक्सरमध्ये, बुडवून झाकणाच्या बाटलीत ठेवायचे. ती बाटली भरली, पण न्यायला कधी कुणी आलं नाही. मी काम सोडलं तेव्हाही ती कपाटात तशीच होती. म्हणून चांदी बंद व्हावी, हे मला मनापासून पटतं.

पण चांदी बंद करणं म्हणजे वीस मिनिटांचं काम बंद करून पाऊण तासाचं काम सुरू करणं आहे. शहरातल्या खासगी दवाखान्यात हे जमेल. ज्या सरकारी रुग्णालयात दातांचे एकच डॉक्टर असतात, बाहेर चाळीस माणसं रांगेत असतात आणि मदतीला प्रशिक्षित सहाय्यक नसतो, तिथं पाऊण तास कुठून काढायचा? तिथं कंपोझिटच्या नळ्या पाठवल्या आणि रबर डॅम, पत्त्या, पाचरी, चालू सक्शन आणि मीटरवर तपासलेला दिवा पाठवला नाही, तर दोन वर्षांनी तीच माणसं रूट कॅनालच्या रांगेत दिसतील. रूट कॅनाल परवडत नाही म्हणून त्यातले निम्मे लोक दाढच काढून घेतील, हे मी २९ वर्षं पाहिलं आहे. सरकारनं चांदी थांबवायच्या आधी दर दातांच्या खुर्चीमागं एक शिकलेला सहाय्यक द्यावा. ही माझी पहिली मागणी आहे आणि त्यात स्वार्थ नाही, मी आता घरी आहे.

दुसरी मागणी सगळ्या डॉक्टरांकडे आहे. दाढ भरली की एक साधा कागद द्यावा. कुठली दाढ, कशानं भरली, तारीख काय. लोक सगळ्यालाच ‘पांढरं सिमेंट’ म्हणतात. पण ग्लास आयोनोमर नावाचं सिमेंटही पांढरंच असतं. त्यातून फ्लोराइड झिरपतं, थोडी ओल त्याला चालते, शिबिरांत, लहान मुलांना, तात्पुरत्या कामाला ते फार उपयोगी आहे. मोठ्या दाढेच्या चावायच्या जागी मात्र ते झिजतं. पत्रलेखकांच्या दाढेत दीड वर्षापूर्वी नक्की काय भरलं होतं, कंपोझिट की सिमेंट? त्यांनाही सांगता येणार नाही, कारण बिलावर बहुधा नुसतं ‘फिलिंग’ एवढंच असेल.

दवाखाना बंद झाला त्या दिवशी डॉक्टरांनी तो मीटर मला दिला. अजून चालतो. कराड, मसूर, उंब्रज भागातल्या कुठल्याही सरकारी किंवा धर्मादाय दवाखान्याला आपला दिवा तपासून हवा असेल, तर मी मीटर घेऊन येईन. पैसे नकोत. माझा फोन नंबर संपादकांकडे दिला आहे. सोमवारी सकाळी आले तर मला जास्त बरं वाटेल.

आपली,
एक निवृत्त दंत-सहाय्यिका, कराड
(कृपया नाव छापू नये.)